प्लग-इन सापडले नाही

विडी घरकुलातून दोन रिक्षा बदलून
यादगिरी मादगुंडी आले, भर दुपारी,
अशोक चौकातल्या माझ्या चार कॉम्प्युटरांच्या दुकानात.
खिशातून चिठ्ठी काढली. तीवर पत्ता, इंग्रजीत,
कुणाकडून तरी लिहून घेतलेला,
एकेक तिरकी रेघ जपून.
"ह्यात आमची बसलीय बोलत. काढून दाखवा."

पान उघडलं. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाचं, राखी रंगाचं.
सोलापूर, विडी कामगार स्त्रिया, मुलाखत सहावी,
राजव्वा मादगुंडी, चार मिनिटं अकरा सेकंद.
आणि आवाज असायला हवा तिथं
रिकामी चौकट, खाली ओळ :
हे माध्यम चालवण्यासाठी लागणारे प्लग-इन सापडले नाही.

"काय म्हणतंय?"
म्हटलं, आवाज आहे, पण ह्या मशीनला तो ऐकायचा कान नाही.
"मग बसवा की ओ कान."

बसवा म्हणणं सोपं.
ज्या कंपनीचा प्लेअर, तिनंच तो केव्हाचा टाकलेला.
नवा म्हणतो, ही फाइल माझ्या ओळखीची नाही.
जुना शोधावा तर ब्राउझर म्हणतो, ह्याच्यापासून धोका आहे.
मुस्तफाला फोन लावला, तो हसला,
"ते कोण वापरतंय आता बे? दे सोडून."
देणारच होतो.
पण म्हातारा खुर्चीत, दोन्ही हात गुडघ्यांवर,
फोटो काढायला बसतात तसा.

मग तीन नंबरच्या मशीनवर ब्राउझरच जुना केला.
कोडेक उतरवला, त्याच्या पाठोपाठ न बोलावता
हवामान सांगणारा एक पोपट उतरला. तो हाकलला.
अटी आल्या, बत्तीस पानं. मान्य.
पुन्हा अटी. पुन्हा मान्य.
"लग्नातसुद्धा इतक्यांदा विचारलं नव्हतं," म्हणाले.
सत्तर टक्क्यांवर लाइट गेली.

अंधारात चहा आला. ते सांगत होते,
एक गोरी बाई आली होती मशीन घेऊन,
आवाज नको म्हणून पंखा बंद करायला लावला,
तेंदूपानावर घाम टपकत होता सगळ्यांचा.
फोटो आहेत ओ घरात. फोटो बोलत नाही.

लाइट आली. पुन्हा पहिल्यापासून.
सव्वापाचला चौकट जागी झाली,
बफरिंगचं चक्र फिरू लागलं,
कांडी भरताना रहाट फिरतो तसं,
धागा मात्र दिसत नव्हता.

मग एकदम एक बाई.
अर्धं तेलुगू, अर्धं मराठी, हजारी विड्यांचा दर,
कारखानदार किती छाट काढतो, सगळं घाईघाईनं.
म्हातारा मान हलवत होता.
"ही आमची नव्हे. ही सत्तव्वा, बाजूची.
नाव चुकवलंय त्यांनी."

बंद करायला माउस धरला,
तर माझ्या हातावर त्यांचा हात.
"थांबा."

सत्तव्वाच्या मागं, लांब, भिंतीकडून :
कच्. कच्. कच्.
मग काही नाही.
कच्. कच्. कच्.

"दर तीन पानांनी कैची खाली ठेवायची,
बोटं मोडायची, मग पुढचं पान.
सगळ्या वस्तीत एकटीच."

आवाज वाढवला. सत्तव्वाही वाढली.
त्यांनी डोळे मिटून तिच्या आडून ऐकलं,
चार वेळा, चार मिनिटं अकरा सेकंद.

विचारलं, विद्यापीठाला कळवू का, नाव दुरुस्त करा म्हणून?
बराच वेळ बोलले नाहीत. मग,
"नको. तिथं सत्तव्वाचं घातलं
तर आमचीचं नाव कुठं राहील?"

साडेतीन तास झाले होते. मी एका तासाचे घेतले.

तीन नंबरवर आता चिठ्ठी आहे : अपडेट करू नये.
पोरं कुरकुरतात, हे लई स्लो आहे,
ह्यावर क्रिकेटसुद्धा चालत नाही.
मी म्हणतो, दोन नंबर घे.
गुरुवारी दुपारी तेवढा तो रिकामा लागतो.