टॉवेल टाकणे

शनिवारची सकाळची शाळा, नववी ब.
फळ्यावर आजचा वाक्प्रचार : थ्रो इन द टॉवेल.
मी सांगितलं, हा बॉक्सिंगमधून आलाय.
एकजण नुसता मार खातोय, डोळा सुजून मिटलाय,
तेव्हा कोपऱ्यात उभा असलेला त्याचा माणूस
आत टॉवेल फेकतो.
म्हणजे बास. हरलो. थांबवा.
तिथून तो इंग्रजांच्या घरादारांत शिरला :
दुकान बसलं, टॉवेल टाकला.
संसार मोडला, टॉवेल टाकला.
वाक्यात उपयोग करून आणा. दोन मार्कांना येतो.

मागच्या बाकावर खसखस पिकली.
मला कळेना, यात हसण्यासारखं काय.

बयाजी शिपाई दारात टेकून ऐकत होता.
कान मुडपलेले, मान खांद्यांत रुतलेली,
कधीकाळी पंचक्रोशीतलं मैदान मारलेला.
म्हणाला, "आमच्यात तसलं काय नसतंय सर.
पाठ टेकली की हारला.
टेकंस्तवर वस्ताद बी मधी येत न्हाई."
आणि गुडघ्यावर हात देऊन
दोन हप्त्यांत सरळ झाला,
घंटा द्यायला गेला.

रविवारी वह्या. एक्केचाळीस.
चाळीस जणांचा बॉक्सर एकाच गाइडमधून आलेला,
एकाच चुकीच्या स्पेलिंगसकट हरलेला.
एक्केचाळिसावी वही शुभदा सरगरची :
माय फादर थ्रू इन द टॉवेल
अँड वुई गॉट सीट टिल मिरज.
मदर सॅट. फादर स्टुड.

लाल पेन टेकवलं, आणि मग हसलो मी,
एकटाच, शनिवारचं हसू.
अरे हो की! विट्याचा स्टँड!
गाडी फलाटाला लागायच्या आत
माणसं तिच्याबरोबर पळत असतात,
आणि खिडकीतून आत जातो
घामाचा, सोलापुरी, चौकड्यांचा कायदा.
ज्याचा टॉवेल त्याची सीट.
त्यावर कंडक्टरचंसुद्धा काही चालत नाही.

हसू ओसरायला एक ओळ पुरली.
आमच्याकडे कुणी मिरजेला निघालं
तर कशाला, असं विचारत नाहीत.
मी हजेरीपट काढला.
सरगर शुभदा : मंगळवार गैरहजर, शुक्रवार गैरहजर,
मंगळवार, शुक्रवार,
जूनपासून, एखाद्या वेळापत्रकासारखं.
आणि जुलैतला एक मंगळवार सोडून बुधवार,
ज्या दिवशी मी तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं.

तिचा बाप मी एकदाच पाहिलाय,
पालकसभेला, मागच्या रांगेत.
मागावरची रात्रपाळी उतरून तसाच आलेला,
भुवयांवर कापसाची पिंज.
काही विचारलं नाही त्यानं. सही केली, गेला.
खांद्यावर टॉवेल होता का?
आठवत नाही. असणारच.

सीटच्या आधी एक 'अ' घातला.
बाकी व्याकरण बरोबर होतं.
अर्थ पुस्तकाच्या बरोबर उलटा,
आणि परीक्षकानं शून्य दिलं असतं.
मी दोनपैकी दोन दिले,
मग वही मिटून बराच वेळ
दुसरी उघडली नाही.

सोमवारी तिला बाजूला घेऊन समजावलं :
बाळ, तिकडे याचा अर्थ, हार मानली.
पेपरात तसंच लिही.
तिनं मान डोलावली. वही छातीशी धरली.
जाता जाता दारात थांबली.
"सर, मग तिकडं
जागा कशी धरत्यात?"