दोनशे चौदा

काळा पंख. त्यावर लाल पट्टा. मागे एक पिवळी रेघ.
एवढं पाहून मी म्हणालो, एराटो,
आणि वहीत लिहूनही टाकलं.
लाल पट्ट्यावर बारीक काळ्या पेनानं आकडा घातला, २१४,
चिमटीतून सोडलं.
एर्मिला शुपिंगावा जाळीची काठी खांद्यावर टाकून
पुढे निघालेली. न वळता म्हणाली,
खालून पाहिलंस?

पाहिलं नव्हतं.
ते तोवर युरिमाग्वासच्या रस्त्यावरून, एका ट्रकच्या टपावरून,
ओढ्यापलीकडे गेलं होतं.

रात्री तिनं डबा उघडला. टाचणीवर वीस.
सगळी एकाच ठाणातून कापल्यासारखी.
तिनं एकेक उलटं केलं.
मागच्या पंखाच्या मुळाशी लाल ठिपके, मोहरीएवढे.
चार असले तर एराटो.
तीन असले तर मेल्पोमेनी.
आणि दिसले तीन, पण चौथा तुझ्या मनात असला,
तर तोंड मिटून बस.

ही नावं ठेवणारा माणूस या डोंगरात कधी आलाच नाही.
एकीला प्रेमगीतांच्या देवीचं नाव दिलं त्यानं,
दुसरीला रडक्या नाटकांच्या.
एर्मिलाची आई दोघींना एकाच शब्दानं हाक मारायची,
आणि तिचं काही अडलं नाही.
नाव ठेवणं निराळं, एर्मिला म्हणते,
नावं ठेवणं सोपं.

दोघीही कडू.
कृष्णकमळाच्या वेलावर वाढलेल्या,
वेल मात्र शक्यतो आपापला.
पाखरानं एकीला चाखून थुंकलं की दुसरीही वाचते,
म्हणून दोघींत मिळून एकच लुगडं.
त्यांचे नरसुद्धा फसतात.
लाल दिसलं की धावतात, जवळ जाऊन वास घेतात,
आणि चुकीच्या घरात शिरल्यासारखे
मागच्या मागे निघतात.
एक तर माझ्या टोपीच्या रिबिनीमागे
पुलापर्यंत आला होता.

तीन आठवडे मी २१४ शोधला.
पहाटे शिल्कायोच्या काठानं,
त्या केशरी फुलांच्या वेलापाशी, जिथे त्या परागाचा गोळा
सोंडेवर घेऊन तासन् तास चघळत बसतात.
दोनदा दिसला.
दोन्ही वेळा पंख उघडे, आकडा स्पष्ट,
माझ्याच हातचा, चारचा पाय जरा वाकडा.
ठिपके खाली.

मग संध्याकाळी त्यांची झोपायची जागा सापडली.
वाळकी काटकी, सात जणी ओळीनं उलट्या टांगलेल्या,
एराटो आणि मेल्पोमेनी खांद्याला खांदा लावून.
पंख मिटलेले, म्हणजे ठिपके समोर.
मी बॅटरी तोंडात धरली आणि मोजले.
चार. चार. तीन. चार.
तीन, बहुतेक. चार.
सातवी पानाआड.
आकडे सगळे आतल्या घडीत.
यांतली माझी कोण, ते विचारायचं कुणाला?
लाळ हनुवटीवरून गळ्यात उतरत होती.
उठवून बघावं असं वाटलं.
एर्मिलानं मनगट धरलं, इतकंच.

सव्विसाव्या दिवशी पायवाटेवर पंख मिळाला.
पुढचा, उजवा.
वरच्या फांदीवर लांब चोचीचा हिरवा पक्षी
चोच पुसत होता, पुन्हा पुसत होता;
यंदाचं पिल्लू असावं,
धडा आजच शिकलेलं.
लाल पट्टा. त्यावर २१४.
मागचा पंख कुठेच नाही. मी चिखलात गुडघे टेकून
पानन् पान उलटलं. मुंग्या होत्या.

वहीत आधीचा शब्द पुसणार होतो.
पुसू नकोस, एर्मिला म्हणाली, रेघ मार,
चुकलेलंही वाचता यायला हवं.
मग पाकीट काढलं, पंख आत सरकवला,
आणि पाकिटावर मला लिहायला लावलं:
२१४. पुढचा उजवा पंख. पायवाट, दुसरा उतार.
जात: माहीत नाही.

तिनं ते दिव्यापाशी नेऊन दोनदा वाचलं.
आज पहिल्यांदा, ती म्हणाली,
तू नीट ओळखलंस.
आणि उकडलेल्या युकाचं ताट
माझ्याकडे सरकवलं.