तीनास एक

चाळीस लिटर मिश्रण. दुधाचे पाण्याशी
प्रमाण तीनास एक.
गवळ्याने आणखी किती पाणी घालावे,
म्हणजे ते तीनास दोन होईल?

सव्वीस वर्षं हेच फळ्यावर उतरवते आहे.
गवळ्याला नाव नाही, पेठ नाही,
म्हशी किती, दिलेलं नाही.
पाणी तेवढं दिलेलं.

सातवी ब. बेचाळीस वह्या.
एकेचाळीसांत दहा लिटर
(दोघांत दहा किलो),
आणि नीलव्वा गवळीच्या वहीत
चौकट आखून, खाली पट्टीनं रेघ मारून:
उत्तर = शून्य.

"शून्य कसं गं?"
"बाई, मी मांडून बघितलो.
तीस दूध, धा पाणी, क्ष धरलो.
धाच येतंय.
पण घालायचं कशाला?"
वर्ग हसला. मागच्या बाकावर कुणीतरी हंबरलं.
ती हसली नाही.
"आमचं बाबा गंगावेशीत
गिऱ्हाइकाच्या पेल्यातच धार काढत्यात.
मधी पाण्याला जागा कुठं हाय?"

लाल पेनाचं टोपण परत लावलं.

संध्याकाळी गेले कट्ट्यावर.
शिंगांना हिंगूळ लावलेली म्हैस, तिच्या पोटाशी उकिडवा माणूस,
माझ्या पेल्यात अर्ध्यावर दूध, अर्ध्यावर फेस.
फेस दुधात धरायचा की हवेत?
हा प्रकार पुस्तकात नाही.
त्यानं फेस बसू दिला,
पुन्हा दोन धारा मारल्या, काठापर्यंत.
"पोरगी गणितात कशी हाय, बाई?"
ओठांवर दुधाची मिशी घेऊन
मी काय सांगणार होते?

रात्री गवळी खोडला.
चांदी घेतली: ऐंशी टंच, पन्नास टंच,
किती किती आटवावी म्हणजे साठ टंच होईल,
आणि हुपरीच्या एसटीनं येणारा
शीतल चौगुले आठवला. सोनार खोडला.
गुऱ्हाळ घेतलं, काकवीत साखर...
तेही खोडलं. तिसऱ्या रांगेत दोघं कागलचे.
प्रत्येक मिश्रणात
कुणाचा ना कुणाचा बाप ढवळत उभा.

मग तेच चाळीस लिटर.
तेच तीनास एक.
फक्त एक शब्द बदलला:
किती दूध घालावे, म्हणजे ते चारास एक होईल?
मांडलं.
दहा.
पुन्हा मांडलं, झोप उडाली होती.
पाणी घाला, दहा. दूध घाला, तरी दहा.
सव्वीस वर्षं दोन्ही उत्तरं
एकाच बादलीत होती,
आणि मी एकाच अंगानं वाकून बघत होते.

बुधवारी वह्या आल्या.
नीलव्वा गवळी: दहा लिटर. बरोबर.
खाली शिसपेन्सिलीनं, बारीक अक्षरात:
"एका चांगल्या म्हशीचं सकाळ-संध्याकाळचं.
पण बाई, आधीचं धा लिटर पाणी
कुणी घातलं हुतं?"

पाचपैकी पाच दिले.
शेऱ्याच्या जागी
अजून काही लिहिलेलं नाही.