खिळा

खरकाटे मॅडमनी निंबाला खिळा ठोकला,
दोन मीटर चोवीस.
नेटचं एक टोक तिथं,
दुसरं बोअरच्या पाइपाला.
मी म्हटलं, झाड वाढलं की खिळा वर जाईन न?
"झाड शेंड्याकून वाढते, बाई. सर्व्हिस कर."

सव्वीस वर्षं, तासिका तत्त्वावर.
आमच्या बापांशी भांडल्या हाफ पँटसाठी,
दारव्हा-अमरावती एसटीत
बॉलच्या पोत्याचं तिकीट मागणाऱ्या कंडक्टरशी.
शाब्बास म्हणाल्या एकदाच,
तेही फायनल हरलो तेव्हा.

कायम नव्हत्या, म्हणून निरोप समारंभ नाही.
एका जूनमध्ये
बोलावलंच नाही.

काल पोरीच्या ॲडमिशनला गेले.
निंबानं खिळा गिळलेला,
सालीवर नुसती बेंबी.
चपला काढल्या,
इकडंतिकडं पाहिलं,
उडी मारली.

लागली बोटं.