ओळंबा

एप्रिल संपत आला तरी हिएतावाराच्या चांदमारीवर
बर्फ गुडघाभर.
टेबलावर जुनं ब्लँकेट, त्यावर रायफल,
बोल्ट काढून बाजूला ठेवलेला.
चेंबर रिकामं आहे हे मी पाहिलं,
मग उर्पोमामांनी पाहिलं,
मग परत मी.

चाळीस वर्षं ते साध्या माशीवर नेम धरत आले:
मागची खाच, पुढची काडी, पलीकडे काळा ठिपका.
यंदा काडी विरघळली.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या मोतीबिंदू,
मामांनी ऐकलं दुर्बीण.
घेऊनही आले, मापाच्या रिंगा न घेता.
त्यासाठी मला कयानीपर्यंत गाडी हाकावी लागली,
आणि ते वाटभर गप्प,
जणू दात बसवायला चाललेत.

आधी स्पिरिटनं तेल पुसलं.
मळसूत्रं एकदम आवळायची नाहीत,
या कोपऱ्यातलं जरा, मग समोरच्या कोपऱ्यातलं जरा,
पाव्हण्यांना आग्रह करावा तसं, सगळ्यांना सारखं.
"माझ्या हाताला कळतं किती ते," मामा म्हणाले.
मी पान्याचा आकडा दाखवला.
त्यांनी तो मुठीत धरून पाहिला आणि परत दिला.

काचेपासून डोळा चार बोटं लांब.
टाउनोच्या भुवईवर चंद्रकोर आहे,
पहिल्याच दिवशी धक्क्यानं उमटलेली.
त्याला सगळे अजून हसतात.
मामा हसले नाहीत.
गाल दस्त्यावर टेकवला,
मान जरा पुढे, जरा मागे,
"थांब. आता अख्खं वर्तुळ दिसतंय."
मी तिथेच पेन्सिलीची खूण केली.

मग पाणसळ. रायफल समतल झाली, बुडबुडा मधोमध.
अंगणापलीकडे लाकडांच्या कोठाराच्या वाशाला
नारिंगी दोरी बांधली, खाली मासेमारीचं शिसं.
दोरी हलायची थांबेपर्यंत
चहा निवला.
दुर्बिणीची उभी रेघ त्या दोरीवर आणायला
केसाएवढं फिरवायचं,
बघायचं,
पुन्हा केसाएवढं.

"वाकडी आहे," मामा म्हणाले.
"कशापेक्षा?"
"दारापेक्षा."

दोरी दाराच्या चौकटीला लागूनच होती.
वर चौकट आणि दोरी चिकटलेल्या,
खाली दोघींत तीन बोटांची फट.
ते दार त्यांनी स्वतः बसवलेलं,
मी जन्मले त्या साली.
तेव्हापासून दर हिवाळ्यात जमीन गोठून फुगत गेली,
एक कोपरा कणाकणानं वर उचलत,
आणि मामा रोज त्याच दारातून
लाकडं आणत राहिले.

मी म्हणाले, गोळी दाराला विचारून पडत नाही.
बोलून गेले, मग वाटलं, जरा जास्तच झालं.
ते उठले. बर्फातून चालत तिथवर गेले.
फटीत बोटं घातली,
एक, दोन, तीन.
शिशाला हात लागू दिला नाही.

दुपारी शंभर मीटर. मांडीखाली वाळूची पिशवी घ्या म्हटलं,
त्यांनी ती बंदुकीखालीच ठेवली, बरोबरच होतं.
तीन गोळ्या: चार सेंटिमीटर खाली, दोन डावीकडे,
पण तिन्ही एका नाण्याखाली झाकतील अशा.
टिचकीला एक सेंटिमीटर.
चार वर, दोन उजवीकडे.
टिचक्या मामांनीच दिल्या, कान बुरजाजवळ नेऊन,
बोटांवर मोजत.

पुढच्या तीन गोळ्यांचं मी सांगत नाही.
तो कागद त्यांच्या खिशात आहे,
आणि मलाही तो नीट पाहू दिलेला नाही.

संध्याकाळी पाणसळ परत मागितली तर म्हणाले, राहू दे दोन दिवस.
खिडकीतून दिसत होते:
आधी टेबलावर ठेवली, मग फळीवर,
मग हिल्क्कामामीच्या फोटोच्या चौकटीवर.
तिथे वाकून बराच वेळ बुडबुडा बघितला.
फोटोला हात लावला नाही.
दिवा मालवला.

कोठाराच्या वाशाला दोरी तशीच लोंबतेय.
सोडायची राहिली.