टॉवेल

रविवार, तरी पाळी लागली.
अक्कलकोट रोडला मागांच्या खडखडाटात
देवळाची घंटा पोचत नाही.

मी टॉवेलचे सुटे धागे कापते,
डाग दिसला की बाजूला काढते.
यल्लव्वा म्हणते, "सुवार्ता, इतकं काय बघतीस गं?
लॉजवर जाणार. लोक पाय पुसणार."

पाय.
माझी कात्री थांबली.
त्या रात्री त्यानं कमरेला बांधलेला रुमाल
कुणीतरी विणलाच असेल की,
काठ दुमडताना बोट टोचून घेतलं असेल,
मुकादमाचं ऐकून घेतलं असेल.
कुणासाठी, हे कुठं ठाऊक?

एवढ्यात वीज गेली.
माग गप्प. पापण्यांवर कापूस.
आमेन म्हणावं असं वाटलं,
पण हातातला टॉवेल
अजून अर्धाच झाला होता.