हातचा

(दक्षिण डकोटा, ऑक्टोबर १९५१)

बहात्तर प्रश्न, पिवळट कागद,
आणि कॉलेजची फोर्ड, जिचं उजवं दार दोरीनं बांधलेलं.
दिवसाला चार शेतं. पाचवं जमलं तर उत्तम.
निघताना प्राध्यापक अ‍ॅशकोम म्हणाले होते :
कॉफी चालेल. बाकी काही घेऊ नका, आकडे बिघडतात.

प्रश्न चौदा. मलई कुठे विकता?

ऑर्पा लिंडक्विस्टनं खिडकीकडे बोट केलं,
गव्हाच्या खुंटांपलीकडे,
जिथे रस्त्याला फाटा फुटतो.
"मंगळवारी डावीकडे. शनिवारी उजवीकडे."
मी लिहिलं : दोन ठिकाणी. नऊ मैल, चौदा मैल.

डावीकडे स्निग्धांश छत्तीस टक्के निघतो.
उजवीकडे चौतीस.
गायी त्याच, कॅन तोच, यंत्र तेच.
दोन टक्के थॉरवाल्ड नेसच्या नळीत कुठेतरी बुडतात
हे ऑर्पाला ठाऊक, टोलेफसनांना ठाऊक,
चर्चच्या तळघरात बटाटे सोलणाऱ्या
झाडून साऱ्याजणींना ठाऊक.

"मग पाच मैल जास्त का जाता?"

तिनं चुलीचं झाकण उचकलं,
आत मक्याची दोन बुरकुंडं टाकली.
बराच वेळ नुसता वारा
आणि पवनचक्कीचं एक सैल पातं.
मग म्हणाली, "छत्तीस साली धूळ आली ना."
जसं कुणी पाहुणे आले होते.

यासाठी रकाना नव्हता. मी समासात लिहिलं : धूळ.

पुढचे अकरा दिवस इतर घरी.
कुणी म्हणालं, नेसनं त्या हिवाळ्यात पीठ दिलं
आणि वहीत मांडलं नाही.
कुणी म्हणालं, मांडलं होतं, पण वही चुलीत गेली.
म्हातारा गुन्नार टोलेफसन म्हणाला, तो चोर आहे,
आणि टोपी घालून शनिवारचा कॅन गाडीत चढवू लागला.

रात्री बोर्डिंग-हाउसच्या पलंगावर फॉर्म पसरले
तेव्हा दिसलं :
शनिवारी उजवीकडे जाणारी घरं सात.
प्रत्येकाचा एकच कॅन. दोन कुणाचेच नाहीत.
आणि क्रीमरीचा ट्रक
सात कॅनांखाली कुठल्याही दारात थांबत नाही,
हे तर मीच प्रश्न चाळीसमध्ये नोंदवलेलं.
सातजणांनी कधी बसून ठरवलं का?
मी सातांनाही विचारलं.
सातही म्हणाले, काय ठरवलं?

प्राध्यापकांनी चष्मा पुसला.
संकेतांक एक : भाव. दोन : अंतर. तीन : सवय.
"तीन घाला," ते म्हणाले.
मी समासातल्या धुळीवर बोट ठेवलं.
"समास कार्डावर बसत नाही, मिस हॉलिंग."
तासाला ऐंशी सेंट मिळत होते मला.
मी तीन घातला. सात कार्डांना सात भोकं,
नेमकी एकाखाली एक.
दिव्यासमोर गठ्ठा धरला
तर त्यातून आरपार उजेड यायचा.

शाळेत मिस ग्रुबर बेरीज शिकवायची :
हातचा आला की एक बोट मिटून धरा,
पाटीवर लिहू नका,
पुढच्या घराला द्यायचाय तो.

अहवाल छापून आला. एकशे बारा पानं.
दुधाच्या बाजारातली सवय, तक्ता नववा.
माझं नाव आभारात, आडनावात एक अक्षर कमी.
थॉरवाल्डचं दुकान आणखी सहा वर्षं चाललं म्हणे,
की पाच. ते मोजायला कुणी गेलं नाही.

पण त्या पहिल्या संध्याकाळी,
प्रश्न बहात्तर झाल्यावर,
ऑर्पा खुराड्याकडे गेली आणि ओच्यात अंडी घेऊन आली.
मी म्हटलं, नियम आहे.
ती मोजत राहिली, नॉर्वेजियनमध्ये, बारापर्यंत,
बारा टोपलीत ठेवली
आणि तेरावं न मोजता माझ्या हातात दिलं.

फोर्डचा हीटर चालत नव्हता.
फाट्यापर्यंत, आणि फाट्यानंतरही बराच वेळ,
मी एका हातानं गाडी चालवली.
दुसऱ्यात ते होतं, अजून कोमट,
आणि बोटं मिटलेली.